ओली फरशी

आमचे हे फरशीचे मिस्त्री. हात असा, की यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. पण मजुरी वाढवून मागायची म्हटलं की यांची दातखीळ बसते. आणि ठेकेदार असा बेरकी, की विषय निघाला रे निघाला, फोन कानाला लावून गाडीकडे सटकायचा. यांच्या हाताखाली सिमेंटचा माल कालवता कालवता मी हे बघायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

परवा तिसऱ्या मजल्यावर ठेकेदार आतल्या खोलीत शिरला आणि खिडकीशी फोनवर गप्पा हाणत बसला. मी यांना म्हटलं, "दारापुढचा पॅसेज आत्ताच घ्या." त्याच्या गप्पा आटपेपर्यंत दारापुढे सगळी ओली फरशी.

"अरे, आता मी बाहेर येऊ कसा?"

"पाय ठेवलात तर फरशी खचेल, शेठ," हे पलीकडून म्हणाले. मी यांना कोपराने ढोसलं. "आणि शेठ... ते मजुरीचं जरा..."

ठेकेदाराने सवयीने फोन कानाला लावला. पण जातो कुठे? शेवटी वैतागून म्हणाला, "बरं बाबा, पुढच्या आठवड्यापासून वाढवतो. आता या उंबऱ्यावरून त्या उंबऱ्यावर फळी टाक!"

हे खुशीत फळी घ्यायला वळले. फळी माझ्या हातात होती.

"मिस्त्रींचं झालं," मी म्हटलं. "आता माल कालवणारीचं बोला, शेठ."