दत्तूने परत आणलेल्या अस्थी

माझा जुना मित्र दत्तू गेल्याचं त्याच्या बायकोने, शालूवहिनींनी, शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं, त्याला आता दीड महिना झाला. मी मुलुंडला त्याच्या घरी पोचलो तेव्हा जमलेले लोक म्हणत होते, बोटीवर होता, जग पाहिलं, नशीबवान. मला ते ऐकून थकायला झालं. जगातलं त्याने काय पाहिलं ते मला ठाऊक होतं…

तो एका परदेशी प्रवासी बोटीवर भटारखान्यात होता. हौशी प्रवासी, नाचगाणी, दिवसातून पाचदा खाणं. त्याच सुमारास माझे वडील, अण्णा, वारले. गिरणीत जन्म गेला, पण माणूस वेंगुर्ल्याचा. इथल्या खाडीत नको, भर समुद्रात स्वच्छ पाण्यात सोडा, एवढंच ते शेवटी बोलले होते. दत्तू सुट्टी संपवून बोटीवर परत निघाला होता. मीच अस्थींचा तांब्याचा डबा त्याच्या हाती दिला.

नऊ महिन्यांनी त्याने तो तसाच परत आणला. आई रडायला लागली, मी भडकलो. तो मान खाली घालून सांगत राहिला. पंगती उठल्या की खरकटं, बाटल्या, प्लास्टिकची ताटं पिशव्यांत भरून मागच्या कठड्यावरून पाण्यात ढकलायची, हे त्याचं काम. खालून इंजिनाचं काळं तेलकट पाणी सुटायचं ते वेगळंच. पुढे चांगली जागा बघू म्हणत त्याने दिवस काढले, पण बोट जाईल तिथे तेच.

"जिथून रोज घाण टाकतो, तिथून अण्णांना कसं रे सोडू?"

"समुद्र एवढा मोठा, त्याला काय होतंय?" मी म्हणालो.

"आमचा साहेबपण हेच बोलतो."

अस्थी मी गावच्या नदीत सोडल्या आणि दत्तूशी तीन वर्षं बोललो नाही. त्याने नोकरी सोडली नाही. पदरी दोन मुली, कुठून सोडणार? पुढे येणंजाणं सुरू झालं, तेव्हा पाहिलं तर हा कोकणातला माणूस बांगडा ताटाबाहेर काढून ठेवायचा. मी त्याची थट्टाही केली. माफी मात्र मागितली नाही, आणि आता त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी त्याच्या अस्थी घरी आणल्या. कुणीतरी चौपाटीचं नाव काढलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, समुद्रात नको. ते सांगून गेलेत, मी तिथे खूप टाकलंय, आता मला टाकू नका."

नातेवाईक कुरकुरले. समुद्र एवढा मोठा, असं एकजण म्हणालाच. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "दत्तू म्हणतो तसंच करायचं."