सासऱ्याला जड असलेला तारा

आज हापूसची पेटी उघडली आणि पेंढ्याच्या उबदार वासासरशी मी सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या गच्चीवर जाऊन पोचले. मी बावीस वर्षांची. उकाड्यामुळे मुलगी बघायचा कार्यक्रम गच्चीवरच ठेवलेला. मुलाच्या वडिलांनी आमरसाची वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "मुलीचं मूळ नक्षत्र आहे. सासऱ्याला जड असतं."

बाबा मान खाली घालून पुटपुटले, "आपण नक्षत्रशांत करून घेऊ."

माझं डोकं सणकलं. दक्षिणेकडे आकाशात नुकताच ताऱ्यांचा विंचू वर आला होता. त्याच्या शेपटीतल्या नारिंगी ताऱ्याकडे मी बोट दाखवलं. "काका, मूळ नक्षत्रातला एक तारा तो. सूर्याहून कितीतरी मोठा आहे. एवढ्या लांबून तो नेमका तुमच्याच जिवावर कशाला उठेल?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. चपला शोधू लागले. बाबांचा उतरलेला चेहरा बघून तेव्हा मला अपराधी वाटलं होतं. आज वाटतं, कमीच बोलले.

पुढे मी पत्रिका न दाखवताच लग्न केलं.

"सूनबाई, पेटी उघडलीस वाटतं?" आतून सासऱ्यांची हाक आली. वय वर्षे एक्क्याण्णव.

मी त्यांना दोन आंबे कापून दिले.