दादाने आधीच पाहिलेला गेम

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. इथे लोक पिंपळाच्या, पांढऱ्या साडीच्या, गाडीला लिफ्ट मागणाऱ्या म्हातारीच्या गोष्टी टाकतात आणि मी खाली "काहीही हं!" लिहून पुढे जाते. परळला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा. आमचं घर बौद्ध. आई विहारात मुलांना वंदना शिकवते, आणि कुणाच्या अंगात येतं असं कुणी म्हणालं की सरळ सांगते, "डॉक्टरला दाखवा." त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण भीती नाही वाटत... राग येतोय. प्रचंड राग येतोय.

"होशिनावा" नावाची एक जपानी व्हिडिओ गेमची मालिका आहे. एका नावाड्याची गोष्ट. बुडालेली गावं शोधत तो फिरतो, आणि आपण तो नावाडी होऊन साठ-साठ तास त्या गोष्टीत राहायचं. तीन भाग आले. तिसऱ्याच्या शेवटी तो दीपगृहाच्या दारात उभा राहतो, दार उघडतं आणि स्क्रीन काळी. उरलेलं चौथ्या भागात! तो चौथा भाग यायला नऊ वर्षं लागली. नऊ!

हे सगळं मी आणि दादा वरळीच्या बीडीडी चाळीत खेळलो. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी मराठी मीडियमची, खाली इंग्रजी अक्षरं यायची ती वाचेपर्यंत पळून जायची. मग दादा वाचून दाखवायचा, तेही आपल्या पद्धतीने. राजा बोलला की एकदम शुद्ध, आणि समुद्री चोर बोलले की आमच्या शेजारच्या काकांसारखं मालवणी. "खंय चल्लंस रे?" म्हणत तलवार काढणारा जपानी चोर मी पाहिलाय. भिंतीपलीकडून काका ओरडायचे, "माझी नक्कल करतंस काय रे?"

मग दादाचे डोळे. आधी संध्याकाळनंतर दिसेना, मग बाजूचं दिसेना. लालबागला फ्लेक्स डिझाइन करायचा, ते सोडावं लागलं. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं, आणि ती नळी दर वर्षी बारीक होत होती. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही, थांबवता येणार नाही. घरी येताना टॅक्सीत दादा एवढंच बोलला, "होशिनावाचा शेवट तेवढा बघायला मिळू दे यार." नोकरी नाही, लग्न नाही, काही नाही. हा शेवट. बस. तेव्हापासून माझं एकच काम होतं... त्याची नजर जायच्या आत तो गेम आला पाहिजे.

आणि ती कंपनी! सहा वेळा तारीख दिली, सहा वेळा पुढे ढकलली. दर वेळी तेच पत्र, "चाहत्यांच्या संयमाबद्दल आभारी आहोत." अरे, संयम कुणाकडे आहे? आम्हा अकरा चाहत्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तारीख पुढे गेली की येत्या रविवारी सगळ्यांनी दादरला जमून मिसळ खायची, हा आमचा नियम. आम्ही तिला "निषेध मिसळ" म्हणतो. गिरगावचा निनाद ग्रुपचा अ‍ॅडमिन. तो म्हणायचा, "गेम येईपर्यंत आपल्या सगळ्यांना अल्सर होणार." सगळे हसायचे, दादापण. मी नाही हसायचे. त्यांची नुसती तारीख जात होती, माझ्या भावाची नजर जात होती.

आता तो दिवस. गेल्या फेब्रुवारीतला गुरुवार. दुपारी साडेबाराला चौथ्या भागाचा डेमो येणार होता... तासाभराचा तुकडा, पण निदान काहीतरी. मी दादाला बजावून निघाले, "आला की आपोआप डाउनलोड होईल. मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

बारा वाजून दहा मिनिटांनी कॅन्टीनमध्ये फोन उघडला. डेमोही पुढे ढकलला. च्यायला, मी इतक्या जोरात टेबलावर हात आपटला की पलीकडच्या सिस्टरचा चहा सांडला. दादाला फोन करायची हिंमत झाली नाही. घरी जाऊन समोरासमोर सांगू म्हटलं. सकाळपासून नवा शर्ट घालून बसला होता हो तो.

पाचला घरी पोहोचले. आता आम्ही चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये पंधराव्या मजल्यावर राहतो. आई लसूण सोलत होती. दादा टीव्हीसमोर, हातात कंट्रोलर, आणि चेहरा असा उजळलेला की मी चपला काढायला विसरले.

"आलीस? सॉरी, नाही राहवलं. खेळून टाकलं."

"काय खेळलास?"

"काय म्हणजे? होशिनावा. आणि डेमो कसला गं, अख्खा गेम दाखवला. शेवटपर्यंत."

मला वाटलं चिडवतोय. नाहीतर चुकून जुना भाग लावला असेल. "साठ तासांचा गेम दुपारभरात संपतो का रे गाढवा?"

तो सांगायलाच लागला. नावाड्याने केस कापलेत. बंदराच्या पायऱ्यांवर मासे वाळत घातलेत, अगदी आपल्या कोळीवाड्यासारखे. एक म्हातारी एकाच पायात चप्पल घालून फिरते, दुसरी आपल्याला शोधून द्यायची असते. पाण्याखाली घंटा वाजते आणि प्रत्येक ठोक्याला एक होडी रंग बदलते. मग थांबला आणि हळूच म्हणाला, "प्रज्ञे, मला सगळं दिसत होतं. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मान न हलवता."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "टीव्ही बंद होता गं. बारापासून चारपर्यंत लाइट नव्हती, खाली केबलचं काम चाललंय. हा बसला होता गुपचूप, मधूनच हसत होता. मला वाटलं, आठवत असेल जुनं काहीतरी."

"पंखा बंद होता, घामाने भिजलायस, कळलं नाही तुला?" मी दादाला विचारलं.

"नाही कळलं," दादा म्हणाला. मग मी डेमोचं खरं काय ते सांगितलं. त्याने कंट्रोलर बाजूला ठेवला. म्हणाला, "मग मी काय बघितलं?"

"ते राहू दे. शेवट काय होता?"

"तो नाही सांगणार. तो तुझ्याबरोबर बघायचाय."

काळजी, वैताग, सगळं एकदम झालं. कुणाशी तरी बोलायचं म्हणून दादाने सांगितलेलं सगळं ग्रुपवर टाकलं... होड्या, चप्पल, घंटा, कापलेले केस. निनादने लिहिलं, "दादाला कंपनीत घ्या, लवकर संपवेल." तो मेसेज अजून आहे. तारीख-वेळेसकट.

डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, नजर जाताना असं होतं, मेंदू स्वतःच चित्रं दाखवतो, वेड नाही, घाबरू नका. मला पटलं. मी सुटले म्हटलं तरी चालेल. एप्रिलपर्यंत त्याची ती नळीही मिटली. आता फक्त उजेड आणि अंधार. कंपनीने अजून दोनदा तारीख पुढे ढकलली. मिसळ खायला मी गेले नाही.

गेम ऑक्टोबरमध्ये आला.

संध्याकाळी निनादचा मेसेज. काही लिहिलेलं नाही, नुसता स्क्रीनशॉट. बंदराच्या पायऱ्या, वाळत घातलेले मासे, आणि एकाच पायात चप्पल घातलेली म्हातारी. पाठोपाठ त्याचा फोन. एरवी बडबड करणारा माणूस, म्हणाला, "प्रज्ञा, हे कुठूनही लीक नव्हतं झालेलं. मी सगळीकडे बघून आलोय." मीही शोधलं. आठ महिने आधीचं एक चित्र, एक ओळ कुठे सापडली नाही. कुणाला सापडली तर मला सांगा, मी पाया पडेन.

रोज मी कामावरून आल्यावर आम्ही तासभर खेळलो. कंट्रोलर माझ्या हातात, दादा शेजारी, आणि आता बोलायचं मी. "डावीकडे गल्ली आहे, निळी." तो म्हणायचा, "पुढे विहीर असेल." असायची. "त्या माणसाशी बोलू नको, रडका आहे." असायचा. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा, नंतर मी चक्क भांडायला लागले. "सगळं माहितीय तर मी कशाला घसा फोडतेय?" तो म्हणायचा, "तू सांग गं. तू सांगतेस ते वेगळं असतं."

शेवट एका रविवारी दुपारी आला. आई विहारात गेली होती. नावाडी दीपगृहाच्या जिन्यावरून वर गेला, दार लोटलं आणि स्क्रीन काळी झाली. लोडिंग. आवाज नाही, काही नाही. मी म्हणणार होते, "थांब, लोड होतंय." वळून बघितलं तर दादा रडत होता. तोंडावर हात धरून, खांदे हलत होते, आणि मधेच हसत होता.

मी एक शब्द बोलले नव्हते. स्क्रीनवर काही आलं नव्हतं. मी मनात मोजलं, अकरा सेकंदांनी चित्र आलं. तो शेवट तुम्हाला सांगत नाही. पण रडण्यासारखा होता, आणि मधेच हसण्यासारखाही.

हे काय होतं, मला माहीत नाही. निनादकडे तीन थिअऱ्या आहेत, डॉक्टरांकडे एक आहे, आई म्हणते कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं. ठीक आहे, नाही कळलं. लोक मला म्हणतात, बरं झालं ना, त्याला बघायला तरी मिळालं. हो, मिळालं. पण एवढ्या वर्षांत तो एकदाच कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ बघत होता, तेव्हा मी परळला कॅन्टीनमध्ये बसून त्याला फोन करायला घाबरत होते.