पांढरा मोजा आणि आंबेहळद

"पडले," एवढंच लेक सांगायची. नेटबॉल खेळताना पडले, जिन्यात पडले. दहा वर्षांची पोर, पडायचीच. संध्याकाळी पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सहाणेवर आंबेहळद उगाळायची आणि तिच्या पोटरीला, दंडाला जाड लेप लावायची. सहाण पुण्याहून इथे परदेशात आणलेली. "क्रीम चालेल, लाह, मम्मा," ती इथल्या पोरांच्या लकबीत म्हणायची. मी ऐकते कसली!

त्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिला युनिफॉर्मवरच बुओना व्हिस्टाला घेऊन गेले. माझ्या ऑफिसशेजारी जपानी अ‍ॅनिमेशनचे प्रायोगिक लघुपट दाखवणार होते. अ‍ॅनिमेशन म्हणजे पोरांसाठीच, एवढी माझी अक्कल.

पडद्यावर कोळशाने काढलेल्या चार मुली. तोंड कुणालाच नाही. तिघी मिळून चौथीला तुडवत होत्या. लाथ बसली की चित्रकार तेवढा भाग बोटाने फासायचा. तो डाग तसाच राही आणि पुढची लाथ भलतीकडेच पडे. संगीत नाही, नुसता कागद खरवडल्याचा आवाज. पोट गेलं, हात गेले. शेवटी कागदच टरकन फाटला, तरी त्या भोकात लाथा पडतच राहिल्या. मागच्या रांगेतला एक गृहस्थ "काय टेक्निक आहे!" म्हणून खूश होत होता. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"चल, बाहेर जाऊ," मी लेकीच्या कानात म्हटलं. "घाबरलीस ना?"

ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "हे राँग आहे, मम्मा. असं कुठेपण नाही मारत त्या."

"कोण त्या?"

"माझ्या क्लासमधल्या. सॉक्समधून यलो दिसतं ना, तिथेच किक करतात. तिथे ऑलरेडी दुखतं, दे नो, लाह."

मी तिला ओढतच बाहेर आणलं. बाकावर बसवून पांढरा मोजा खाली केला. कालच्या लेपाचा पिवळा गोल पोटरीवर तसाच होता. त्याच्या बरोबर मधोमध बुटाच्या टाचेची ताजी, रक्त साकळलेली खूण होती. त्या पोरींचे पाय मोडून हातात द्यावेत, असा संताप आला.

"अगं, मग लेप नको म्हणून सांगायचं तरी!"

तिने मोजा नीट वर ओढला.

"तुला लावायला आवडतं ना," ती म्हणाली.