साडूंचा साक्षीदार

कोणावरही चटकन विश्वास ठेवायचा नाही, हा नेम माझ्या साडूंइतक्या निष्ठेने पाळणारा माणूस सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे दुसरा सापडणार नाही. म्हसावदला त्यांची केळीची बाग आहे. मजुरापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी ते गोड बोलतात आणि एकाचंही खरं मानत नाहीत. एकदा अंगात कणकण होती म्हणून त्यांनी थर्मामीटर आणला, तो खोटं बोलतो की काय म्हणून दुसरा आणला, आणि दोघांचं जुळेना म्हणून निवाड्याला तिसरा आणला. मग दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ताप कबूल करून गोळी घेतली. तोवर ताप उतरला होता.

अशा माणसाला पन्नाशीनंतर शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचं वेड लागलं. बक्षीस नाही, हारतुरे नाहीत. जुनी लाल गाडी ट्रकवर चढवून दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर न्यायची, हौशी लोकांबरोबर दोन दिवस गोल गोल पळवायची आणि परत आणायची. चालवताना ते गाडीशी अखंड बोलत असतात, "चाल मन्ही राणी, दम धर, आते वळ." गेल्या वर्षी मात्र सरळ रस्त्याच्या टोकाला राणी वळलीच नाही आणि टायरांच्या भिंतीत घुसली. "ब्रेकनी दगा दिधा," साडू म्हणाले. मेकॅनिकने ब्रेक उघडून पाहिला तर त्यात काडीचा दोष नव्हता. तेव्हा माझ्या थोरल्या मेहुणीने, म्हणजे आक्कांनी, निकाल देऊन टाकला. "दोष गाडीना ऱ्हायना ते गाडी सुधारा. मानूसना ऱ्हायना ते चावी मन्हा हातमा." आक्का कमी बोलतात, त्यामुळे त्यांचं बोलणं कोणी खोडत नाही.

आता साडूंना साक्षीदार हवा होता. गाडीचा वेग आणि ब्रेक क्षणाक्षणाला टिपणारी, आणि ते आकडे गाडीतून घेतलेल्या व्हिडिओवर उमटवणारी यंत्रं मिळतात. ट्रॅकवरच्या दोस्तांकडून त्यांनी अशी तीन यंत्रं पारखायला आणली. आमच्याकडे पारख शिकावी ती सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, आणि साडूंनी यंत्रांनाही तोच कायदा लावला. दात बघायचे तसे प्लग बघितले, अंगावरचा भोवरा शोधायचा तसे स्क्रू शोधले. "घोडा ऱ्हावो का यंत्र, चालाडीसनी देख्याशिवाय लेवानं नही, मास्तर," असं मला बजावून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि बागेभोवती गाडी फिरवली. पहिलं यंत्र म्हणजे मोबाइलमधलं ॲप. त्याच्या नकाशाप्रमाणे आम्ही विहिरीतून आरपार गेलो होतो. दुसऱ्याचा कॅमेरा लख्ख, वेग अचूक. साडूंनी त्याला उलटसुलट करून विचारलं, "पन याले मन्हा पाय दखास का?" नव्हता दिसत, त्यांच्या जुन्या गाडीतून ब्रेकचा आकडा मिळतच नव्हता. तिसऱ्याचा सेन्सर थेट ब्रेकच्या नळीत बसायचा. पाय किती दाबला, कधी दाबला, सगळं व्हिडिओच्या कोपऱ्यात एका लाल पट्टीने दिसायचं. कटकट एकच होती. आकडे आणि चित्र मागाहून लॅपटॉपवर हाताने जुळवावे लागत. साडूंनी तिसरं घेतलं. दसऱ्याला अवजारांबरोबर त्याचीही पूजा केली आणि हळदकुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्याच्या भिंगावर टेकवलं. पहिल्या चाचणीत सबंध म्हसावद लालभडक दिसलं.

हसत होतो खरे, पण यंत्र लावून साडू पुन्हा ट्रॅकवर उतरले तेव्हा मी कुंपणाशी उभा राहून एकेक फेरी बोटांवर मोजत होतो. सात फेऱ्या सुरेख झाल्या. आठव्या फेरीत त्याच टोकाला लाल गाडी सरळच निघाली, वळणाबाहेरच्या खडीत शिरली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. मी पळत पोचलो तेव्हा साडू स्टिअरिंग धरून बसले होते. खरचटलंही नव्हतं. "देखं मास्तर? ब्रेक," ते म्हणाले. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर दुपारी आम्ही दोघं लॅपटॉपपुढे बसलो. आक्का आत भाकरी थापत होत्या. चित्रात गाडी जागची हलते त्या क्षणी वेगाचा आकडा शून्यावरून सुटला पाहिजे. तसं साडूंनी बारकाईने जुळवलं. सात फेऱ्यांत, वळण शंभर मीटरवर आल्याचं सांगणाऱ्या शंभराच्या पाटीपाशी लाल पट्टी नेमाने उठत होती. आठवी लावली. "दम धर, आते..." एवढं ऐकू आलं आणि बोलणं तुटलं. शंभराची पाटी गेली, पन्नासाची गेली. पट्टी उठली नाही. नुसता इंजिनाचा आवाज. मग एकदम "अरे", आणि पट्टी टोकापर्यंत चढली. ब्रेक पायाची वाट पाहत होता. पाय आलाच नव्हता.

साडूंनी तेवढा तुकडा चारदा पाहिला. मग त्यांचं बोट आकडे मागेपुढे करायच्या खुणेवर गेलं. दोन सेकंद अलीकडे सरकवले की पट्टी बरोबर पाटीपाशी उठणार होती आणि दोष ब्रेकच्या गळ्यात पडणार होता. हे तिथे दोघांनाच कळत होतं. आतून आक्कांनी विचारलं, "काय निंघनं वो?" बोट तिथेच होतं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"आठे ये," साडूंनी आक्कांना जवळ बोलावलं.

आक्का पिठाच्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या. साडूंनी काहीही न सरकवता आठवी फेरी लावली. आक्कांनी पट्टीकडे पाहिलंच नाही. त्या ऐकत होत्या. संपल्यावर हळूच म्हणाल्या, "असं घरमा बी व्हस. बोलता बोलता थांबी जातस तुम्ही. माले वाटे, मन्हं बोलनं आयकाना कटाळा करतस."

साडूंनी खिशातून चावी काढून त्यांच्या पिठाच्या हातावर ठेवली. साडूंना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

आता डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. हा आकडी येण्याचाच एक प्रकार, मेंदू क्षणभर हरवतो, असं डॉक्टर म्हणाले. गाडी पुन्हा कधी चालवता येईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि साडू विचारत नाहीत. मला मात्र ती दुपार सुटत नाही. आयुष्यभर कोणाचं खरं न मानणाऱ्या या माणसाने स्वतःविरुद्धची साक्ष मुकाट्याने मानली. मुलांना खरं बोलायला शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण त्या खुर्चीत मी असतो तर ते दोन सेकंद सरकवले असते.