चिकटपट्टीखालची ऊ

माझ्या थोरल्या जाऊबाई कापडाच्या कारखान्यात तपासणीला आहेत. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकत जातं आणि या पापणी न हलवता बसतात. सुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली गाठ, काही म्हणता काही सुटत नाही. सापडलेला दोष कापून त्या पांढऱ्या कागदावर चिकटवतात आणि खाली तारीख घालतात. कारखान्यात त्यांना दुर्बीण म्हणतात. घरात तसं म्हणायची कुणाची छाती नाही. मी मनातल्या मनात म्हणते.

सुट्टी लागायच्या दिवशी, शनिवारी, त्यांची मोठी शाळेतून आली ती दप्तर फेकतच. वय वर्षं आठ, केस कमरेपर्यंत. बाईंनी वहीत चिठ्ठी ठेवली होती की मुलीच्या डोक्यात उवा आहेत, सुट्टीनंतर डोकं साफ करून पाठवा. चिठ्ठीचं तिला एवढं नव्हतं. शेजारची मैत्रीण सगळ्या वर्गादेखत उठून दुसरीकडे बसली, ते तिला लागलं होतं.

सासूबाईंनी चष्मा चढवून एकदा डोक्यात पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. "एवढं रान माजवलंय, मग जनावरं होणारच. न्हाव्याला बोलवा, गोटा करा आणि मोकळे व्हा."

पोरीनं दोन्ही हातांनी केस घट्ट धरले. "कापले तर सगळ्यांना कळेल का कापले ते. मग मी शाळेत जाणारच नाही. कधीच नाही."

"आई, मला सुट्टीचे पंधरा दिवस द्या," जाऊबाई म्हणाल्या. "शेवटच्या रविवारी हिच्या डोक्यात एक जरी जिवंत सापडली, तर न्हावी कशाला? मीच कात्री धरीन."

"शब्द दिलायस हं," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण! आठ तास कापडावर डोळे फोडून यायचं, स्वयंपाक करायचा, आणि वर हे.

त्याच संध्याकाळी घरातलं प्रत्येक डोकं दिव्याखाली आलं. मोठीच्या डोक्यात तर जत्राच होती. मधल्याच्या डोक्यात चार निघाल्या. शेंडेफळ साफ, भाऊजी साफ. सासूबाई "माझं काय बघायचंय मेलं" म्हणत बसल्या आणि साफ निघाल्या. मग जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "तुझं?"

"काहीतरीच काय, ताई! मी दातांच्या दवाखान्यात बसते. तिथं सगळं पांढरंशुभ्र असतं. माझ्यात कुठून येणार?"

त्या क्षणभर घुटमळल्या आणि "बरं" म्हणाल्या. मालकाच्या शब्दावर हातभर कापड पुढे न सोडणाऱ्या बाईनं माझं डोकं माझ्या शब्दावर सोडलं. धाकट्या जावेचा मान राखायचा म्हणून. त्यांच्या हातून झालेली चूक एवढीच, आणि ती मी करायला लावली.

दर तीन दिवसांनी संध्याकाळी पोरं ओळीनं बसायची. केस ओले करून त्यात भरपूर कंडिशनर, म्हणजे उवांना पळता येत नाही. डोक्याचे चार भाग, प्रत्येकाला चिमटा. मग एक एक बट घेऊन बारीक दातांची फणी टाळूपासून थेट टोकापर्यंत, आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. फडक्यावर सापडली की चिकटपट्टीखाली, आणि चिकटपट्टी कपाटाच्या दारावरच्या कागदावर, तारखेसकट. मधला ते बघायला म्हणून गप्प बसायचा. येणारे-जाणारे मात्र कपाटाकडे पाठ करून बसत.

पहिल्या दिवसाची ओळ तिळाएवढाल्यांची होती. नंतरच्या ओळींत नुसते ठिपके. जाऊबाई म्हणाल्या, "ही लिखांतून निघालेली पिल्लं. मोठी होऊन अंडी घालायच्या आत धरायची, बस्स." त्यांचे डोळे लाल झाले होते, मनगट सुजलं होतं. "राईचा पर्वत करताय, ताई," मी म्हणायची. आणि जेवण झालं की मोठीला जवळ घेऊन, एकाच उशीवर डोकी टेकून, माझ्या मोबाइलवर कार्टून बघायची.

सुट्टीच्या बाराव्या दिवशी, गुरुवारी, फडकं कोरं राहिलं. पोरगी घरभर नाचली.

रविवारी शेवटची फणी. सासूबाई खुर्ची ओढून समोरच बसल्या. पहिला भाग कोरा, दुसरा कोरा, तिसरा कोरा. चौथ्यात, कानामागे, एक निघाली. मोठी, गलेलठ्ठ, पाय हलवणारी.

जाऊबाईंनी ती चिकटपट्टीखाली घेतली आणि कागदाजवळ उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. "ही इथं जन्मलेली नाही," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांत एवढी वाढत नाही. शाळा बंद आहे. ही दुसऱ्या डोक्यातून आलीय."

"कुठूनही येवो. शब्दाचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

जाऊबाई आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मला वाटलं पोरगी आकांत करेल. तिनं केसांवरचे हात स्वतःहून काढले, मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. आईनं शब्द दिलाय, एवढं तिला कळत होतं.

आता खरं सांगते. गुरुवारी दवाखान्याच्या आरशात मला माझ्या कपाळाशी एक ऊ चालताना दिसली होती. मी ती बेसिनमध्ये सोडली, नळ उघडला, आणि कुणा पेशंटची असेल म्हणून स्वतःची समजूत घातली. दोन आठवडे डोकं खाजत होतं, त्याला कोंडा म्हणत होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! तीन दिवस मी तोंड उघडलं नाही. मला पोरीच्या केसांपेक्षा दवाखान्यातल्या माझ्या इस्त्रीच्या ड्रेसची इभ्रत मोठी वाटली.

"ताई, थांबा. ती माझी आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्या डोक्यातली आहे. मला गुरुवारपासून माहीत आहे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, मग इतके दिवस पोरीला—"

जाऊबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आता ताशेरे येणार म्हणून मी खांदे आवळले. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. "शब्द या डोक्याचा होता, आई. ऊ त्या डोक्याची आहे." मग मला म्हणाल्या, "बस इथं."

मी पोरांच्या स्टुलावर बसले. गार कंडिशनर मानेवरून ओघळलं, चार चिमटे लागले. फणी पहिल्यांदा फडक्यावर पुसली तशी मधला ओरडला, "बापरे, काकू!" मला रडूच फुटलं.

"रडू नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "डोकं हलतं."

मोठी ओले केस पाठीवर सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "आई, काकूचे पण कापायचे नाहीत ना?"

"कुणाचेच नाहीत," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची बट उचलली.