कोणालाच न भागणारा आकडा

बंदरावर शिडं शिवणारा तो माणूस कोणताही आकडा कानावर पडला की सुई थांबवायचा आणि ओठ हलवत त्याला भागून बघायचा. मोटारीचा नंबरही त्याच्या तावडीतून सुटत नसे.

त्या दिवशी आम्हा तिघा चुलतभावांच्या सामाईक बागेतले नारळ बंदरावर त्याच्यासमोरच मोजून झाले. भरले पाच हजार तीन. सारखे वाटले तर दोन उरत होते आणि ते दोघे भाऊ एकेक घ्यायला टपलेले. दर वाटणीत कमी मलाच! मी ओरडायला लागलो.

शिडवाला मात्र हरखला. "सातान नाय, तेरान नाय, कशानच भागणा नाय! असलो आकडो गावता खंय?"

"तुका आकड्याचा कवतिक, हय माझो नारळ गेलो!"

त्याने मोजणाऱ्या धाकट्या भावाला विचारलं, "पयल्या नारळाक काय म्हटलंस रे?"

"लाभ."

"आणि दुसऱ्याक?"

"एक."

आमच्याकडे लाभ म्हणजेच एक, त्यापुढे थेट दोन. धाकटा मुंबईत वाढलेला, त्याला हे कुठून ठाऊक! म्हणजे नारळ खरे पाच हजार चार, एक जास्त, आणि तो माझा. मी खुशीत शिडवाल्याची पाठ थोपटली.

तो तोंड पाडून बसला होता. "वायट झाला. आता ह्याका कोणय भागतलो."